गाणं ऐकायचंय, पळवायचं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या संगणकावर संगीताचा सर्व्हर कसा करावा, यावर लेख आला होता. लेख चांगला आहे. माझ्यासारख्या ६८ वर्षांच्या बाईलाही कळेल असा लिहिलाय. पण एसएसडी, म्हणजे गाणी साठवायचा चकती नसलेला ड्राइव्ह, निवडण्याच्या परिच्छेदापाशी आले आणि चहा गार झाला. सेकंदाला सात हजार एमबी वेगाचा ड्राइव्ह घ्या, त्यावर ताना जास्त खुलतात, असं त्यात म्हटलंय. हे वाचून कुणी निवृत्त माणूस पेन्शनचे पैसे घेऊन दुकानात जाईल, म्हणून हे पत्र.

आधी मी कोण ते सांगते. मी टेलिफोन खात्यात १९७९ साली ऑपरेटर म्हणून लागले आणि २०१७ साली निवृत्त झाले. ट्रंक कॉलच्या जमान्यात कानाला हेडफोन लावून खरखरीतून माणसाचा आवाज वेगळा काढणं हेच माझं काम होतं. आमचे हे बँकेत होते, पण जीव गाण्यात. शनिवारी रात्री आकाशवाणीची अखिल भारतीय संगीत सभा लागली की घरात कुणी भांडं आपटायचं नाही, कारण टेपरेकॉर्डर सुरू असायचा. घरी बैठका व्हायच्या त्याही ते टेप करत. असं करत ३४० कॅसेट जमल्या. प्रत्येकीवर त्यांच्या अक्षरात राग, तारीख आणि तबल्याला कोण, हे लिहिलेलं.

आम्ही सांगलीच्या गावभागातले. आयर्विन पुलाखाली पाणी ४० फुटांवर गेलं की आमच्याकडे सामान माडीवर चढवायला सुरुवात होते. ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांपर्यंत गेलं. आम्ही धान्य चढवलं, गाद्या चढवल्या, देव्हारा चढवला. कॅसेटचं कपाट खालीच राहिलं, कारण २००५ च्या पुरात पाणी त्या कपाटाच्या पायापर्यंतच आलं होतं आणि आम्ही ते प्रमाण धरून चाललो. माडीवर डेकजवळ १३० कॅसेट होत्या, त्या वाचल्या. खालच्या २१० आठवडाभर चिखलात होत्या.

पाणी ओसरल्यावर त्या स्वच्छ पाण्यात धुतल्या आणि सावलीत जुन्या साड्यांवर वाळत घातल्या. वाळल्यावर खरं काम. कॅसेटचे पाच बारीक स्क्रू काढायचे, आतली दोन्ही चाकं न सांडता उचलायची आणि नव्या डबीत बसवायची. पितळी पट्टीवर फेल्टचा एक बारका तुकडा असतो, टेपला हेडवर टेकवून धरणारा. पुरात त्याचाच डिंक सुटतो. तो नसला की टेप फिरते, पण आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा येतो. तो तुकडा चिमट्याने चिकटवायला मला आधी एक तास लागायचा, आता दहा मिनिटं लागतात. अशा ४६ परत मिळवल्या. बाकीच्या बऱ्याच फेकाव्या लागल्या. ते जाऊ दे.

तर या कॅसेट संगणकावर चढवून केलेला माझा सर्व्हर म्हणजे काही हौसेचं खेळणं नाही. या कॅसेट कुठल्याही ॲपवर मिळत नाहीत. म्हणून ड्राइव्ह निवडताना मी साडी निवडतानाही करत नाही इतका विचार केला.

सुरुवातीला हार्ड डिस्कच होती, मुलाच्या २०१३ सालच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये. तीन वर्षं छान चालली. मग एका रात्री १९९१ सालची एक घरगुती बैठक लावली होती. विलंबित, अजून तबला यायचा होता, नुसता तानपुरा आणि मध्येच एखादा स्वर. त्यात मला कट… कट… असं ऐकू यायला लागलं. हा आवाज माझ्या ओळखीचा. आमच्या एक्स्चेंजमध्ये जुने स्ट्रोजर स्विच होते, ते नंबर शोधताना असाच आवाज करत. मला वाटलं, कॅसेटमध्येच काहीतरी असेल, आमच्या ह्यांचं घड्याळ माइकवर आपटलं असेल. तीच फाईल पुन्हा पहिल्यापासून लावली. कट आला, पण दुसऱ्याच जागी. म्हणजे तो टेपमधला नव्हता, टेबलाखालचा होता.

नातवाने क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम लावला. डिस्कच्या नावापुढे निळ्याऐवजी पिवळा रंग. काही सेक्टर वाचता येईनासे झाले होते आणि डिस्क तीच ती जागा पुन्हा पुन्हा वाचायला बघत होती. 'आजी, ही जायला लागलीय,' तो म्हणाला. पुराच्या धड्यामुळे दुसरी प्रत पुण्यात मुलाकडे होती, म्हणून झोप लागली.

आता एसएसडीचं. आपल्या लेखात नाही तो हिशेब मी इथे देते, कारण ऑपरेटर असले तरी शेवटची आठ वर्षं बिलिंगमध्ये काढलीत. सीडीच्या दर्जाचं गाणं म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, डावा आणि उजवा असे दोन. गुणाकार केला तर सेकंदाला १७६ केबी होतात. साधा साटा एसएसडी (साटा म्हणजे संगणकाशी बोलायची जुनी, सावकाश भाषा) सेकंदाला साडेपाचशे एमबी वाचतो. म्हणजे गाण्याला लागतं त्याच्या तीन हजार पट. सात हजारवाला ड्राइव्ह चाळीस हजार पट. तानेला त्यातलं काय मिळणार? गवई त्याच्याच लयीत गाणार. संगणक पुढच्या काही सेकंदांचं गाणं आधीच मेमरीत घेऊन ठेवतो आणि मग ड्राइव्ह बापडा हातावर हात ठेवून बसतो.

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानदारानेही मला तोच वेग विकायला काढला होता. घड्याळाच्या पट्ट्याच्या तुकड्याएवढी एक पट्टी समोर ठेवून म्हणाला, 'काकू, हे घ्या, सात हजारचा स्पीड.' मी म्हटलं, 'अरे बाबा, मला गाणं ऐकायचंय, पळवायचं नाही.' शिवाय माझ्या २०१३ च्या संगणकात ती पट्टी बसायला जागाच नाही, हे त्याने विचारलंही नाही. तुम्ही आधी संगणक उघडून बघा, निदान मॉडेल लिहून न्या. आमच्या शेजारच्या निवृत्त मास्तरांनी अशीच, एम.२ म्हणतात ती पट्टी आणली. बसली, स्क्रूही लागला, पण संगणकाला ती दिसेना. पट्टी होती साटा जातीची आणि त्यांची खाच फक्त एनव्हीएमई, म्हणजे नवी, वेगवान भाषा ओळखणारी. दिसायला दोन्ही सख्ख्या बहिणी, दोन्हींवर २२८० असा आकडा. तो आकडा फक्त मापाचा, २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. भाषा कुठली बोलते ते त्यावरून कळत नाही.

मी अडीच इंची साटा घेतला, एक टीबीचा. त्या वेळी, २०२३ साली, पाच हजारांच्या आसपास पडला. हल्ली भाव चढलेत म्हणतात. खरं तर मला अर्धा टीबी पुरला असता. नव्वद मिनिटांची एक कॅसेट फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घालवता गाणं लहान करणाऱ्या फाईलीत, साधारण ५५० एमबी होते. (सीडी त्या मानाने कमी जागा खाते. फ्लॅक फाईल लहान करते ती आवाजाचा पुढचा नमुना आधीच्यांवरून ताडून, आणि कॅसेटची खरखर अशी ताडता येतच नाही. म्हणजे सर्वात जास्त जागा अडवते ती खरखरच. हे कळलं तेव्हा मला आमच्या जुन्या ऑफिसची आठवण झाली.) १७६ कॅसेट आणि २४० सीडी मिळून माझा सगळा संसार पावणेदोनशे जीबी. एक टीबी घेतला तो नातवाच्या गाण्यांसाठी, ज्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

दुकानात 'टीएलसी घ्या, क्यूएलसी घेऊ नका' असा मंत्र सगळे म्हणतात. टीएलसीत एका कप्प्यात तीन बिट, क्यूएलसीत चार, एवढाच तो फरक. जितके जास्त कोंबाल तितका कप्पा लिहून लिहून लवकर झिजतो. संगणकावर दिवसभर व्हिडिओ कापणाऱ्याला तो मंत्र लागू आहे. गाण्यांचं काय? एक टीबीच्या सॅमसंग ८७० ईव्होवर (हा टीएलसी) कंपनी ६०० टीबी लिखाणाची हमी देते, त्याच घरातल्या क्यूव्हीओवर (हा क्यूएलसी) ३६० ची. माझा सगळा संग्रह पुसून पुन्हा लिहायचा म्हटला तर पहिल्यावर ३४०० वेळा आणि दुसऱ्यावर दोन हजार वेळा लिहिता येईल. मी तो आयुष्यात दोनदा लिहिलाय. आणि वाचल्याने, म्हणजे ऐकल्याने, ड्राइव्ह झिजतो तो नावापुरता. तेव्हा या कामाला क्यूएलसीही चालतो. फरक पडतो तो वॉरंटीत, ईव्होला पाच वर्षं आणि क्यूव्हीओला तीन. मी पाच वर्षांवाला घेतला. दोन वर्षं जास्त कुणी हमी देतोय तर घ्यावी, एवढंच कारण.

आता ताना खुलण्याबद्दल. मी मुद्दाम करून पाहिलं. एकच फाईल पेन ड्राइव्हवर, एका जुन्या पण धडधाकट हार्ड डिस्कवर आणि एसएसडीवर घातली. ही जुनी डिस्क शेजारच्या खोलीत ठेवली, नाहीतर तिची घरघर ऐकून मी ओळखलं असतं. नातवाने दर वेळी न सांगता कुठलीतरी एक लावायची आणि मी डोळे मिटून सांगायचं. दहापैकी चार वेळा बरोबर आले. तीन पर्यायांत डोळे झाकून बोट ठेवलं तरी तेवढे येतात. माझे कान ३८ वर्षं खात्याने वापरलेत, पण ते अजून बरे आहेत, डॉक्टरांनी तपासलेत.

कान सोडा, दुसरा पुरावा आहे. फ्लॅक फाईल तयार होताना मूळ आवाजाचा अंकांतला एक ठसा फाईलच्या आतच लिहिला जातो. फ्लॅकच्याच प्रोग्रॅमला सांगितलं तर तो सगळी फाईल उलगडून ठसा जुळतो का ते बघतो. एक बिट जरी हलला तरी बोंब मारतो. तिन्ही ठिकाणी ठसा जुळला. जे गाणं बिटाबिटाने तेच आहे, ते एका ड्राइव्हवर जास्त सुरेल कसं होईल? 'खास संगीतासाठी' म्हणून चौपट भावाने विकतात ते ड्राइव्ह म्हणजे मला गंडेदोरेच वाटतात. बांधणाऱ्याला बरं वाटतं, एवढं खरं.

एक मात्र कबूल करते. सुरुवातीला यूएसबीच्या एकाच हबवर बाहेरची हार्ड डिस्क आणि डॅक, म्हणजे अंकांचं गाणं करणारी ती छोटी डबी, दोन्ही लावलं होतं. डिस्क फिरायला लागली की स्पीकरमध्ये बारीक किर्र यायची. डॅक वेगळ्या तोंडाला लावला आणि किर्र गेली. दोष वायरिंगचा होता, पैसे टाकून नवा ड्राइव्ह घ्यायची गरज नव्हती.

मग एसएसडीने मिळालं काय? शांतता. त्यात फिरणारं काहीच नाही, चकती नाही, सुई नाही. लावल्याच्या पहिल्या रात्री तीच १९९१ ची बैठक ऐकली. कट गेला होता. पण गंमत अशी की आता मला पंखा ऐकू यायला लागला, पॉवर सप्लायचा. तो आधीपासूनच होता, डिस्कच्या आवाजात झाकला जात होता. शेवटी अख्खा संगणकच माडीवर नेला, खाली एक केबल सोडली आणि दिवाणखान्यात रास्पबेरी पाय नावाचा, पत्त्याच्या कॅटाएवढा संगणक ठेवला. माडीवर नेण्यामागे पंख्याशिवाय आणखी काय कारण असेल ते सांगलीकरांना सांगायला नको.

विजेचं एक सांगायला हवं. आमच्याकडे वळीव आला की दिवसात तीनदा लाइट जातात. गाणं वाचताना लाइट गेले तर एसएसडीचं सहसा काही बिघडत नाही, पण लिहिताना गेले तर अर्धवट लिहिलेलं बिघडू शकतं. महागड्या, ऑफिसात वापरायच्या ड्राइव्हमध्ये तेवढ्या क्षणापुरती वीज साठवणारे कपॅसिटर असतात, घरगुती ड्राइव्हमध्ये बहुधा नसतात. म्हणून नवी कॅसेट चढवायची ती यूपीएस चालू असतानाच, आणि आभाळ भरून आलेलं असताना नाहीच.

आणि ज्याबद्दल आपल्या लेखात एक ओळही नाही, ते लिहिते. एसएसडी कपाटात ठेवायची वस्तू नाही. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरून अवकाशात गेली, ती सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर कोरून. कोरलेली खाच कुठे गळून जात नाही. एसएसडीत कोरलेलं काही नसतं, अतिसूक्ष्म कप्प्यांत विजेचा भार कोंडलेला असतो आणि वीज मिळाली नाही तर तो हळूहळू झिरपतो. घरगुती ड्राइव्हसाठीचं मानक असं, की हमीइतकं लिहून झिजलेला ड्राइव्ह ३० अंश तापमानात विजेशिवाय एक वर्ष मजकूर धरून राहिला पाहिजे. नवा ड्राइव्ह त्याहून बराच जास्त टिकतो, पण आमच्या माडीवर एप्रिलमध्ये ४० अंश असतात आणि उष्णतेने झिरपणं वाढतं. 'एकदा सगळं भरलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलं' असं केलेली दोन माणसं माझ्या ओळखीची आहेत. त्यांना मी फोन केलाय. आपल्या वाचकांतही असतील.

म्हणून ऐकायला एसएसडी, आणि जपून ठेवायला साध्या, स्वस्त, घरघर करणाऱ्या हार्ड डिस्क. माझ्याकडे अशा दोन आहेत. एक पुण्यात मुलाकडे, कृष्णेपासून लांब. गणपतीला आणि दिवाळीला तो येतो तेव्हा त्या अदलाबदल होतात, चकलीच्या डब्याबरोबर.

शेवटी माझी फजिती, कारण दुसऱ्याला शहाणपण सांगताना आपली लपवू नये. २०२२ साली मी एका वेबसाइटवरून '१६ टीबी' चा बाहेरून जोडायचा एसएसडी मागवला होता, १,७९९ रुपयांना. ॲल्युमिनियमची सुबक पेटी, संगणकात १६ टीबीच दिसायचे. चाळीसेक कॅसेट चढवल्या. फाईलींची नावं दिसत, लांबी दिसे, पण लावल्यावर सुरुवातीच्या काही सोडून बाकी सगळ्या मुक्या. नातवाने पेटी उघडली. आत गरम गोंदाने चिकटवलेलं मोबाइलचं मेमरी कार्ड, नखाएवढं. त्याचा मेंदू असा बिघडवलेला, की जागा संपली तरी 'लिहिलं, लिहिलं' म्हणत राही आणि पुढचं सगळं टाकून देई. पैसे परत मिळाले नाहीत. मूळ फाईली मी पुसल्या नव्हत्या, हे नशीब. तेव्हापासून कुठलाही नवा ड्राइव्ह आला की आधी एच२टेस्टडब्ल्यू नावाचा प्रोग्रॅम लावते. तो ड्राइव्ह काठोकाठ भरतो आणि लिहिलेलं परत वाचून पडताळतो. एक टीबीला दुपार जाते, जाऊ दे. (आणि एक टीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसला तर दुकानदाराशी भांडू नका. तिथे फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. मी भांडून आलेय.)

लेखकांना माझी विनंती, पुढच्या भागात ड्राइव्हच्या वेगाला दिलेली जागा या पडताळणीला आणि दुसऱ्या प्रतीला द्यावी.

पुरातल्या अजून १९ कॅसेट उघडायच्या राहिल्यात. त्यांना फार तर अकरा जीबी लागतील. जागा आहे.

आपली,
एक जुनी वाचक
गावभाग, सांगली